दहा गोळ्यांचा हिशेब

आज दिवसभर बसून फक्त बंदूक भरली! आमच्या छोट्याशा व्हिडिओ गेममध्ये दुसऱ्या महायुद्धातली, 1944 ची इटलीची मोहीम बनवतोय. भारतीय पलटणीच्या हातात बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातली ली-एनफिल्ड रायफलच हवी, हा हट्ट माझा. मॅगझिन दहा गोळ्यांचं, पण भरायचं पाच-पाचच्या क्लिपने. म्हणजे तीनच गोळ्या झाडून रीलोड दाबलं की पाचची क्लिप मावत नाही, ती बाद. गोळ्या एकेक करून अंगठ्याने आत ढकलायच्या. त्याचं अ‍ॅनिमेशन वेगळं. जोडीदार वैतागला, "अरे, कोण बघतंय एवढं?" मी बघतोय ना!

संध्याकाळी टॉमीगन, म्हणजे थॉम्पसन सबमशीनगन, घेतली. 10 जुलै 1944, टायबर नदीचं खोरं. माणगावकडचे यशवंत घाडगे, हुद्दा नाईक. त्यांच्या छोट्या तुकडीतले बाकी सगळे पडलेले, हे एकटे मशीनगनवर धावून गेले. आधी ग्रेनेड, मग टॉमीगन. मॅगझिन बदलायला वेळच नव्हता, तेव्हा नळी धरून तीच बंदूक हाणली. पुढे स्नायपरच्या गोळीने गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर.

आमच्या गेममध्ये रिकामी बंदूक आपोआप भरली जायची. ते आज काढून टाकलं. आता उलट्या बंदुकीने हाणायला बटण कुठलं द्यावं, यावर घोडं अडलंय.