आय३-६००६यू की सेलेरॉन एन४०००: जुना लॅपटॉप घेताना

वीस हजारांच्या आतला जुना लॅपटॉप शोधायला निघालं की दोन प्रोसेसर पुन्हा पुन्हा समोर येतात. एक इंटेलचा कोअर आय३-६००६यू, २०१६च्या अखेरीचा. दुसरा सेलेरॉन एन४०००, २०१७च्या डिसेंबरातला. डेल इन्स्पिरॉन ३५६७, एचपी १५-बीएस, लेनोवो आयडियापॅड ३२० यांच्या स्वस्त आवृत्त्यांत पहिला सापडतो, एसुस एक्स५४३एमएसारख्या मशीनमध्ये दुसरा. विकणारा एकाला ‘आय३ आहे’ म्हणून भाव चढवतो, दुसऱ्याला ‘नवीन पिढीचा आहे’ म्हणून. निव्वळ प्रोसेसर म्हणून आय३ सरस आहे, यात मला शंका नाही. पण किती सरस आणि कुठल्या कामात, हे कळल्याशिवाय त्याचे जास्तीचे पैसे मोजू नयेत.

आधी वेगाचं बघू. आय३-६००६यू कायम २.० गिगाहर्ट्झवर चालतो. त्याला टर्बो, म्हणजे गरजेपुरता वेग वाढवायची सोय, नाही. त्या काळातल्या यू मालिकेतल्या कुठल्याच आय३ला तो नव्हता, तो आठव्या पिढीत आला. मूळच्या आय३-६१००यूचा वेग २.३ होता. तो घटवून आणि ग्राफिक्सचा वेगही थोडा कमी करून हा स्वस्त भाऊ बाजारात आणला गेला. एन४०००चा मूळ वेग फक्त १.१ गिगाहर्ट्झ, पण गरज पडली की तो २.६पर्यंत जातो. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक अब्ज ठोके. प्रत्येक ठोक्याला आय३ जास्त काम उरकतो, एन४०००चे ठोके जास्त पडतात. त्यामुळे एकाच कोअरवरच्या (प्रोसेसरच्या आतल्या एका गाभ्यावरच्या) छोट्या कामात, म्हणजे वर्डची फाइल उघडणं, साधं वेबपान लोड होणं, यात दोघे जवळपास बरोबरीत येतात. म्हणूनच दुकानात दोन मिनिटं हाताळून फरक कळत नाही.

फरक पडतो तो काम वाढलं की. दोघांत कोअर दोनच, पण आय३मध्ये प्रत्येक कोअरला दोन कामं एकदम देणाऱ्या हायपरथ्रेडिंगमुळे चार थ्रेड, म्हणजे कामाचे चार धागे, एकाच वेळी चालतात, एन४०००मध्ये दोनच. मागे अँटिव्हायरस स्कॅन, विंडोजचं अपडेट डाउनलोड होतंय आणि पुढे ऑनलाइन मीटिंग, अशा वेळी एन४०००चा टास्क मॅनेजर शंभर टक्क्यांना टेकतो आणि माउससुद्धा अडखळतो. सगळे थ्रेड वापरणाऱ्या कामात आय३ साधारण दीडपट काम देतो.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही. एन४०००मध्ये एव्हीएक्स सूचना, म्हणजे बरीच आकडेमोड एका फटक्यात करायच्या आज्ञा, नाहीत, आय३मध्ये एव्हीएक्स२पर्यंत आहेत. मोंगोडीबी या डेटाबेसच्या ५.० आणि त्यापुढच्या आवृत्त्यांना एव्हीएक्स लागतं, टेन्सरफ्लो या मशीन लर्निंगच्या साधनाच्या तयार पॅकेजांनाही लागतं. एन४०००वर ती हळू चालतात असं नाही, सुरूच होत नाहीत. इंजिनिअरिंगच्या किंवा बीसीएच्या मुलासाठी लॅपटॉप बघत असाल तर एवढ्या एका कारणाने मी सेलेरॉन बाजूला ठेवेन.

ग्राफिक्सच्या नावाला फसू नका. यूएचडी ६०० हे एचडी ५२०पेक्षा मोठं वाटतं. प्रत्यक्षात आय३च्या एचडी ५२०मध्ये २४ एक्झिक्युशन युनिट (चित्राची आकडेमोड करणारे भाग) ९०० मेगाहर्ट्झपर्यंत चालतात, एन४०००मध्ये १२ युनिट ६५०पर्यंत. कागदावर हा पावणेतीनपटीचा फरक आहे. जुने, हलके गेम आय३वर कमी सेटिंगला खेळता येतात, सेलेरॉनकडून ती अपेक्षा ठेवू नये.

व्हिडिओत मात्र बाजू उलटते. एन४०००चं व्हिडिओ इंजिन नंतरचं आहे. व्हीपी९ आणि एचईव्हीसी हे कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती. व्हीपी९ आणि दहा बिटांचं (रंगांच्या जास्त छटांचं) एचईव्हीसी ते पूर्णपणे हार्डवेअरमध्ये उलगडतं. आय३-६००६यू आठ बिटांचं एचईव्हीसी नीट हाताळतो, पण व्हीपी९ आणि दहा बिटांच्या एचईव्हीसीसाठी त्याला प्रोसेसरची मदत घ्यावी लागते. यूट्यूब क्रोमला बहुतेक वेळा व्हीपी९ किंवा त्याहून नवा कोडेक एव्ही१ पाठवतं. एव्ही१ तर दोघांच्याही हार्डवेअरमध्ये नाही. १०८०पी व्हिडिओ लावला की आय३चा पंखा घोंगावू लागतो, तो याच कारणाने. चालू व्हिडिओवर उजवी क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. कोडेकच्या ओळीत एव्ही०१ किंवा व्हीपी०९ दिसलं तर एच२६४इफायसारखं एक्स्टेन्शन टाका, म्हणजे यूट्यूब एच.२६४ हा जुना कोडेक पाठवेल आणि ते दोन्ही मशीन सहज चालवतात. एच.२६४ १०८०पीच्या वर मिळत नाही, पण या लॅपटॉपांचा पडदा बहुधा १३६६ बाय ७६८चा असतो, तेव्हा तोटा काहीच नाही. आयफोन १२पासूनच्या एचडीआर चित्रफिती दहा बिटांच्या असतात. त्या आय३वर अडखळल्या तर मशीन बिघडलंय असं समजू नका.

आता खरा मुद्दा. हे दोन्ही प्रोसेसर मदरबोर्डवर सोल्डर केलेले असतात, पुढे बदलता येत नाहीत. बदलता येतात ती रॅम आणि ड्राइव्ह, आणि रोजचा वेग ठरतो तो इथेच. ५४०० आरपीएमच्या हार्ड डिस्कवर विंडोज १० चालवणारा आय३ आणि एसएसडीवरचा सेलेरॉन शेजारी ठेवले तर सेलेरॉन आधी कामाला लागतो. आय३च्या बहुतेक मशीनमध्ये अडीच इंची साटा (ड्राइव्ह जोडायचा नेहमीचा प्रकार) ड्राइव्हची जागा आणि रॅमचा निदान एक मोकळा किंवा बदलता येणारा स्लॉट असतो. सात मिलिमीटर जाडीची २४० किंवा २५६ जीबीची साधी साटा एसएसडी तिथे थेट बसते. रॅम घेण्याआधी प्रकार तपासा. हा आय३ डीडीआर४ आणि डीडीआर३एल दोन्ही चालवतो आणि कुठली बसेल ते बोर्डावर ठरतं. दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात, चुकीची रॅम बसतच नाही. डीडीआर४ २४०० किंवा २६६६ची असली तरी चालते, फक्त धावते २१३३वर. दोन स्लॉट असतील तर ४+४ टाका. दोन चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणारे दोन रस्ते, मिळाल्याने एचडी ५२०ला थेट फायदा होतो.

एन४०००ची अधिकृत कमाल रॅम ८ जीबी आहे. अडचण त्याहून मोठी ही की बऱ्याच मशीनमध्ये ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (ड्राइव्हच्या जागी वापरलेली साठवणुकीची चिप) दोन्ही बोर्डावरच सोल्डर असतात. ६४ जीबीत विंडोज बसवल्यावर मोठ्या अपडेटला जागा उरत नाही. ते अर्ध्यात अडकतं, परत फिरतं आणि दर महिन्याला तेच चालू राहतं. असं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

हे विकणाऱ्यासमोरच दोन मिनिटांत तपासता येतं. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. ‘फॉर्म फॅक्टर’समोर एसओडीआयएमएम असेल तर रॅम काढता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती सोल्डर आहे. तिथेच किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसतं. डिस्कवर क्लिक केलं की एचडीडी की एसएसडी तेही लिहिलेलं असतं. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीची बॅटरीरिपोर्ट आज्ञा (powercfg /batteryreport) चालवून मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता ताडून बघा. सेलेरॉन ६ वॅटचा आणि आय३ १५ वॅटचा, हा फरक खरा आहे, पण निम्म्यावर आलेल्या बॅटरीपुढे तो फारसा उरत नाही.

विंडोज ११ हा एन४०००चा हुकमी एक्का. तो मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत यादीत आहे, सहाव्या पिढीचा आय३ नाही. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच आहेत. रुफस या पेनड्राइव्हवर विंडोज चढवायच्या प्रोग्रॅमने तपासण्या वगळून आय३वर विंडोज ११ बसवता येतं आणि ठीक चालतं, पण पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेची कामं करायची असतील तर या आय३वर मी लिनक्स मिंटची (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकेन. ८ जीबी रॅम आणि एसएसडीवर ती चपळ चालते, वायफाय आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर बहुधा आपोआप मिळतात. टॅली किंवा फक्त विंडोजवर चालणारं कार्यालयीन सॉफ्टवेअर हवंच असेल आणि रॅम-ड्राइव्ह बदलता येणारा एन४००० हाताशी असेल, तर त्या एकाच परिस्थितीत तो घेणं पटतं.

भाव ठरवताना मागितलेल्या किमतीत एसएसडी, रॅम आणि गरज असेल तर बॅटरीचा खर्च मिळवा, मगच दोन मशीनची तुलना करा. टॅलीसारखी अट नसेल तर हार्ड डिस्कवाला आय३ या हिशेबात एसएसडीवाल्या सेलेरॉनपेक्षा थोडा महाग पडला तरी तोच घ्या. मात्र त्याचा पंखा आणि उष्णतेची पेस्ट आता आठ-नऊ वर्षांची झालेली असते. मागचं झाकण एसएसडीसाठी उघडणारच आहात, तर बॅटरीची वायर आधी सोडवा, पंख्यातली धूळ काढा आणि त्याच बैठकीत पेस्टही बदलून घ्या. झाकणाचे काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात आणि डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो अनेक मॉडेलांत आधी बाहेर ओढावा लागतो. हे न बघता झाकण उचकलं की त्याच्या प्लास्टिकच्या क्लिपा तुटतात.