मोज्यांवरचे पट्टे

"हे पट्टे माझ्या आईने रंगवलेत."

इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सच्या जुन्या बाजारात सबुटिओ रग्बीचा, म्हणजे टेबलावर छोट्या खेळाडूंना बोटाने टिचकी मारून खेळायच्या रग्बीचा, डबा उघडून बघत होते, तेव्हा स्टॉलवरच्या आजी अगदी सहज बोलून गेल्या.

आत बोटाच्या पेराएवढे खेळाडू, गोल बुडांवर डुलणारे. स्क्रमसाठी, म्हणजे दोन्ही संघ एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटारेटी करतात त्यासाठी, प्लास्टिकचं वेगळं यंत्र. त्यात चेंडू टाकायचा, कुठल्या बाजूने निघेल ते नशीब! रग्बीतली ती झोंबाझोंबी टेबलावर आणायची म्हणजे काय डोकं चालवलंय.

सबुटिओ पीटर अडॉल्फचा. त्याने १९४६ साली इथेच जवळ आधी टेबल फुटबॉल काढला, रग्बी नंतर आली. सुरुवातीच्या संचात मैदानच नसायचं, खडू मिळायचा. जुनी लष्करी घोंगडी पसरायची आणि रेषा आपणच आखायच्या. युद्ध नुकतंच संपलं होतं, घरोघरी घोंगड्या होत्याच.

आणि डब्यातले हे खेळाडू? ते आसपासच्या बायका घरी बसून रंगवायच्या. जर्सी, केस, मोजे, सगळं हाताने.

आज संग्राहक डब्याचा कोपरा फाटलाय का, पाय पुन्हा चिकटवलाय का, हे निरखून बघतात. बघावंच. पण अडॉल्फचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्या बायकांची नावं कुणी कुठे लिहून ठेवली असतील का?