911 ची मागची चाकं : झीज, हवा आणि या हंगामाच्या नोंदी

गाडी तीच, 1987 ची पोर्श 911 कॅरेरा 3.2. स्टुटगार्टजवळच्या भाड्याच्या गॅरेजमध्ये असते. जर्मनीत 30 वर्षांवरच्या गाड्यांना एच अक्षराची ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते आणि 2017 पासून ती हंगामीही घेता येते. माझी मार्च ते ऑक्टोबर आहे, म्हणजे नोंदीही तेवढ्याच महिन्यांच्या. गेल्या हंगामाच्या शेवटी लिहिलं होतं की उजव्या मागच्या टायरची आतली कड इतरांपेक्षा लवकर जातेय. या वर्षी त्याच एका गोष्टीच्या मागे लागलो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडी माहिती. टायरचं माप पुढे 205/55, मागे 225/50 (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत), चारही चाकं 16 इंची, रिम फुक्स कंपनीच्या घडीव ॲलॉयच्या. इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकतं, त्यामुळे वजनाचा साधारण 60 टक्के भार मागच्या दोन चाकांवर. कारखान्याने सांगितलेली हवा पुढे 2.0 बार, मागे 2.5. आपल्या पंपावरच्या भाषेत 29 आणि 36 पीएसआय. त्या काळच्या टर्बोला तर मागे 3.0 बार, म्हणजे 43-44 पीएसआय.

पुढच्या-मागच्या हवेतला हा अर्ध्या बारचा फरक मला दोन्ही आकड्यांहून महत्त्वाचा वाटतो. पुढचा टायर थोडा मऊ ठेवला की तो वळणावर आधी सरकतो आणि ड्रायव्हरला सूचना मिळते. मागच्या टायरची भिंत ताठ राहिली की जड शेपूट जागेवर राहते. हा फरक पुसला तर वळणात ॲक्सिलरेटर सोडताक्षणी मागची बाजू हलकी होते आणि बाहेर निघायला बघते. पुण्यात असताना आमच्या घरच्या गाडीत पंपावरचा माणूस न विचारता चारही चाकांत 33 भरायचा. पुढे इंजिन असलेल्या साध्या गाडीला ते खपून जातं, या गाडीला नाही. गेल्या वर्षी इथल्या एका टायरच्या दुकानाने बॅलन्सिंग करून देताना चारही चाकांत 2.3 भरून दिले होते. दुकानातून बाहेर पडून पहिल्या लांब वळणावरच स्टिअरिंगमधून फरक कळला.

मार्च

हिवाळ्यात गाडी उभी राहिली की टायर एका जागी चपटा होतो, म्हणून ऑक्टोबरमध्ये चारही चाकांत 3.0 बार भरून ठेवतो. बाहेर काढताना सगळी हवा खाली आणली. सुरुवातीचे काही किलोमीटर हलकी थरथर होती, रबर गरम झाल्यावर गेली.

गारठ्यात भरलेल्या हवेबद्दल एक आकडेमोड देतो, कारण त्यावर नेहमी वाद होतो. 20 अंशांना गेजवर 2.5 बार असलेला टायर शून्य अंशाला साधारण 2.26 दाखवतो. हवा कुठेही गळलेली नसते. गेज दाखवतं तो वातावरणाच्या वरचा दाब, पण थंडीत आक्रसतो तो पूर्ण दाब, म्हणजे 3.5 बार. त्याचा 7 टक्के गेला की पाव बार उतरतोच. म्हणून मोजणी नेहमी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, आणि एकाच गेजने. पंपावरचं गेज फक्त भरण्यापुरतं वापरतो, मोजायला माझं स्वतःचं.

नक्षीची खोली मोजली. पुढच्या दोन्ही टायरांवर आडव्या रेषेत जवळपास सारखे आकडे, 5.5 ते 5.8 मिलिमीटर. डावा मागचा बाहेरून आत 5.1, 4.9, 4.4. उजवा मागचा 5.2, 4.9, 3.1. जर्मनीत कायद्याची मर्यादा 1.6 आहे, तेव्हा कागदावर भरपूर आयुष्य शिल्लक. पण एकाच टायरच्या दोन कडांत 2 मिलिमीटरचा फरक मला सोडून देता येत नाही.

एप्रिल-मे

पहिल्यांदा हवेचा संशय फेडायचा होता. त्यासाठी सगळ्यात जुनी आणि स्वस्त युक्ती वापरली, खडू. टायरच्या नक्षीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत जाड रेघ मारायची, सपाट डांबरावर सरळ थोडं अंतर जायचं आणि उतरून बघायचं की रेघ कुठे पुसली. मध्येच पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली तर कमी. पुढे 2.0 वर रेघ एकसारखी फिकी झाली. मुद्दाम 2.3 भरून पाहिलं तर मधला पट्टा आधी गेला. मागे 2.5 वर डाव्या टायरची रेघ बऱ्यापैकी सारखी पुसली. उजव्याचा आतला एक तृतीयांश भाग लख्ख काळा आणि बाकीच्या भागावर खडू तसाच. हवा 2.3 केली, 2.7 केली, मध्य आणि बाहेरची कड यांत फरक पडला, आतली कड तशीच पुसत राहिली.

माझ्या दृष्टीने इथे निकाल लागला. मध्य विरुद्ध दोन्ही कडा हा हवेचा प्रश्न. एकच कड खाल्ली जात असेल तर तो चाकाच्या कोनाचा प्रश्न, आणि तो हवेने झाकू नये. मागे थोडी हवा वाढवली की आतल्या कडेची झीज कमी दिसते असा सल्ला बरेच जण देतात. कमी दिसते, कारण मध्य जास्त झिजायला लागतो. टायर दोन बाजूंनी संपवायचा, एवढाच त्याचा अर्थ.

मग हात फिरवून पाहिला. हे प्रत्येकाने करून बघावं, गेजपेक्षा जास्त सांगून जातं. गाडी जॅकवर घेऊन तळवा नक्षीवरून आडवा फिरवायचा. उजव्या मागच्या टायरवर आतून बाहेर हात गुळगुळीत सरकला. बाहेरून आत आणताना प्रत्येक पट्टीची धार बोटांना लागत होती, करवतीच्या बारीक दातांसारखी. म्हणजे चाकाचं तोंड किंचित बाहेर वळलेलं आहे आणि टायर सरळ रस्त्यावरही थोडा आडवा घासत चालला आहे. चाकाचं तोंड आत असतं तर धारा उलट बाजूने लागल्या असत्या. मागचं चाक बाहेर बघत असेल तर ब्रेक मारताना आणि ॲक्सिलरेटर सोडताना गाडी अस्वस्थ होते. उजवीकडच्या वळणांवर आणि डावीकडच्या वळणांवर गाडीचा स्वभाव वेगळा का लागतो, त्याचं उत्तर बहुतेक इथेच होतं.

जून

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं, अशा माणसाकडे केलं ज्याला टॉर्शन बार कळतो. या गाडीला मागे कॉइल स्प्रिंग नाही, आडवा पोलादी दांडा पिळला जातो आणि तोच स्प्रिंगचं काम करतो. एवढ्या वर्षांत तो थोडा बसतो. एका बाजूला जास्त बसला की त्या बाजूची उंची उतरते, चाक धरणारा ट्रेलिंग आर्म वर जातो आणि चाक वरून आत झुकतं. मोजलं तर उजवी बाजू 8 मिलिमीटर खाली होती. कॅम्बर, म्हणजे चाकाचा हा झुकाव, कारखान्याच्या उणे 1 अंशाऐवजी उणे 2 च्या जवळ, आणि चाकाचं तोंड खरंच शून्याच्या पलीकडे, बाहेर.

आधी उंची, मग कॅम्बर, शेवटी टो, म्हणजे चाकाच्या तोंडाची दिशा, हा क्रम मोडता येत नाही, कारण पहिली गोष्ट हलली की पुढच्या दोन हलतात. मोजताना ड्रायव्हरच्या सीटवर माझ्या वजनाच्या गोण्या आणि टाकी अर्धी. टाकीचा मुद्दा या गाडीत मोठा आहे, ती पुढच्या डिकीखाली असते. 80 लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास 60 किलो, आणि पुढच्या ॲक्सलवर मुळात 480 किलोच्या आसपास भार. भरलेल्या आणि रिकाम्या टाकीत पुढच्या टायरांना वेगळी गाडी पेलल्यासारखं वाटत असणार.

चाकं परत बसवताना नट टॉर्क रेंचने 130 न्यूटन-मीटर. मूळ नट ॲल्युमिनियमचे आहेत, हवेच्या गनने आवळू देऊ नका.

जुलै ते सप्टेंबर

ब्लॅक फॉरेस्टमधल्या बी 500 रस्त्यावर, मुम्मेलझे तळ्याच्या बाजूला, गाडी व्यवस्थित गरम करून इन्फ्रारेड थर्मामीटरने टायरवर तीन-तीन ठिकाणी तापमान घेतलं. पृष्ठभागाचं तापमान झपाट्याने उतरतं, त्यामुळे आकड्यांवर फार भिस्त ठेवत नाही, पण कडांमधला फरक दिसतो. गेल्या वर्षी उजव्या मागच्या टायरची आतली कड बाहेरच्यापेक्षा 10 अंशांहून जास्त गरम असायची. आता फरक 4-5 अंशांचा आणि दोन्ही बाजूंना सारखा. गरम टायरात मागे 2.8 दाखवत होतं. ती हवा काढायची नाही, गार झाल्यावर ती आपली 2.5 वर येते.

वळणांबद्दल सांगायचं तर उजवं-डावं सारखं झालं. वळणात पाय थोडा सैल केला तर गाडी नाक आत घेते आणि तिथेच थांबते, शेपूट बाहेर निघत नाही. या गाडीकडून मला हेच हवं होतं.

सप्टेंबरची मोजणी: उजवा मागचा बाहेरून आत 4.8, 4.5, 2.7. म्हणजे तिन्ही ठिकाणी 0.4 गेले, एकसारखे. जुना खड्डा भरून येणार नाही, पण तो आता वाढत नाही. पुढचे टायर मागे टाकून झीज वाटून घेता येत नाही, माप वेगळं आहे. उजवं चाक डावीकडे लावलं तरी आतली कड आतच राहते.

टायर मात्र आता बदलायलाच हवेत, आणि कारण खोली नाही, वय. टायरच्या भिंतीवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या मागच्या जोडीचे आकडे बघितले तर रबर दहाव्या वर्षाकडे चाललंय. नखाने दाबलं तर पूर्वीसारखं दबत नाही, खाचांच्या तळाशी केसाएवढ्या भेगा दिसू लागल्यात. पावसात हे कळतंच. डिकीतली स्टेपनीही त्याच यादीत आहे. ती घडी घातलेली असते, सोबतच्या 12 व्होल्टच्या कॉम्प्रेसरने फुगवायची आणि ताशी 80 च्या वर जायचं नाही. पूर्ण फुगवून भेगा तपासल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका.

205/55 सहज मिळतो, 225/50 च्या 16 इंचीत पर्याय कमी उरलेत, त्यामुळे मागचा टायर आधी ठरवायचा आणि पुढचा त्याच मॉडेलचा शोधायचा, असं चाललंय. भिंतीवर एन0, एन1 असं लिहिलेला, म्हणजे पोर्शने मान्य केलेला संच मिळाला तर तोच घेणार, आणि पुढे-मागे एनचा आकडा सारखा ठेवणार. नवीन रबरावर 2.0 आणि 2.5 पासूनच सुरुवात करीन, खडू परत काढीन. कुणी या मापात सध्या काय वापरतंय आणि पावसात कसं आहे, ते सांगितलं तर ऑर्डर देण्याआधी उपयोगी पडेल.