तुम्ही विचारलंत म्हणून : सगळ्यांना आवडलेलं नाटक पडतं कसं?

राज्य नाट्यस्पर्धेच्या सांगली केंद्राचा निकाल लागला की पुढचे चार-आठ दिवस एकच प्रश्न कानावर येत राहतो. ‘ते नाटक तर सगळ्यांना आवडलं होतं. दिग्दर्शनाचं बक्षीस त्यालाच, नेपथ्याचंही त्यालाच. मग पहिला नंबर दुसऱ्याचा कसा? सेटिंग होतं काय?’ सांगली पडली नाट्यपंढरी, इथे नाटकातलं कळत नाही असं कबूल करणारा माणूस सापडत नाही, त्यामुळे हा प्रश्न चहाच्या गाड्यापासून बँकेच्या रांगेपर्यंत कुठेही गाठतो. माझं मत असं, की सेटिंग कुठेतरी होतही असेल, पण बहुतेक धक्कादायक निकाल बेरजेत घडतात.

आधी ते ‘सगळ्यांना’ तपासून बघू. केंद्रावर रोज संध्याकाळी एक नाटक. भावे नाट्यमंदिरात त्या दिवशी जी गर्दी असते, तिच्यात त्याच संस्थेचे नातेवाईक, मित्र आणि ऑफिसातली माणसं बरीच असतात. नेमाने येणारे जुने प्रेक्षक सोडले तर बाकीच्यांनी दोन-तीन नाटकंच पाहिलेली असतात. पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत सगळी नाटकं बघणं ज्यांना चुकत नाही, असे तीनच जण, ते म्हणजे परीक्षक. म्हणजे गावाचा निकाल तीन नाटकांवरून आणि परीक्षकांचा सगळ्यांवरून. दोन्ही जुळले तर नवल.

आता वह्या उघडू. समजा, तीन परीक्षक आणि प्रत्येकाकडे 100 गुण. ‘अ’ नाटकाला पहिल्याने 82, दुसऱ्याने 80 आणि तिसऱ्याने 70 दिले. ‘ब’ला 78, 78 आणि 79. ‘क’ला 70, 72 आणि 74. दोन परीक्षकांच्या वहीत ‘अ’ पहिलं आहे. तरी बेरीज केली की ‘अ’ 232, ‘ब’ 235 आणि ‘क’ 216. पहिलं आलं ‘ब’, जे दोघांच्या मते दुसरं होतं. इथे कुणी कुणाला फोन केलेला नाही. तिसऱ्याला ‘अ’ रुचलं नाही, एवढंच.

हेच गुणांऐवजी क्रमांकांनी मांडलं तर? ‘अ’चे क्रमांक 1, 1, 3, बेरीज 5. ‘ब’चे 2, 2, 1, बेरीज तीच, 5. म्हणजे बरोबरी! मग तिघांनी समोरासमोर बसून बोलायचं. हाताशी आकडे तेच, पण पद्धत बदलली की निकाल हलतो. स्पर्धा भरवणाऱ्यांनी हे गणित पहिल्या प्रयोगाआधी ठरवून कागदावर लिहून ठेवावं. शेवटच्या रात्री ठरवायला गेलं की वाद झालाच म्हणून समजा.

याहून छुपा प्रकार गुणांच्या पट्टीचा. एक परीक्षक सभ्य असतो. सगळ्या नाटकांना 74 ते 79च्या आत ठेवतो. दुसराही तसाच. तिसरा मात्र 45 ते 85 अशी सढळ पट्टी वापरतो. सभ्य माणसाचा पहिल्या आणि शेवटच्या नाटकातला फरक 5 गुणांचा, याचा 40 गुणांचा. तिघांची बेरीज केलीत तरी निकाल एकट्याचाच लागतो, कारण बाकीच्या दोघांनी फरक करण्याचं कामच केलेलं नाही. आकांडतांडव करणाऱ्या परीक्षकापेक्षा सगळ्यांना सारखे गुण देणारा सज्जन परीक्षक मला जास्त घातक वाटतो. त्याला वाटतं आपण कुणाला दुखावलं नाही, पण त्याने आपलं मत तिसऱ्याच्या हवाली केलेलं असतं.

पहिल्या दिवशीच्या नाटकाचं दुःख वेगळं. पुढे काय येणार हे माहीत नसतं, म्हणून परीक्षक हात राखून गुण देतो. अप्रतिम प्रयोगालाही 75 देऊन वर जागा ठेवतो. आठव्या दिवशी तसाच प्रयोग 83 घेऊन जातो, कारण मधले सहा साधारण निघाले. यावर उपाय आहे: गुण पेन्सिलीने लिहायचे आणि चौथ्या नाटकानंतर पहिल्या तिन्हींचे पुन्हा ताडून बघायचे. चिठ्ठ्या टाकून दिवस ठरवले म्हणजे न्याय झाला, असं आयोजक समजतात. चिठ्ठीने पक्षपात टळतो, पहिल्या दिवसाचं नुकसान तेवढंच राहतं.

बक्षिसं सगळी एकाची आणि नंबर दुसऱ्याचा, हे तर जगभर चालतं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर टोनी पुरस्कार असतात. 1972 साली ‘फॉलीज’ या संगीतिकेला तिथे तब्बल 7 टोनी मिळाले. दिग्दर्शन, संगीत, नृत्य, नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश आणि अभिनेत्री, सगळं तिचं. सर्वोत्कृष्ट संगीतिका मात्र ‘टू जेंटलमेन ऑफ व्हेरोना’. नेपथ्याचं मत देताना माणूस फक्त नेपथ्य बघतो, ‘सर्वोत्कृष्ट’चं मत देताना प्रयोगाने आपल्याला काय केलं ते आठवतो. आपल्याकडेही अगदी तसंच. सांघिक गुणांत संहिता येते, प्रयोगाची पकड येते. दुसऱ्या अंकात सैल पडलेल्या नाटकाचा वाडा कितीही सुंदर उभा केलेला असो, त्याचं बक्षीस वाडा उभारणाऱ्याला जातं, नाटकाला नाही.

अभिनयाच्या रौप्यपदकात आणखी एक फट आहे. पदक एक पुरुषाला आणि एक स्त्रीला. ज्या नाटकात आठ जण तोलामोलाचे, त्यात उठून कोण दिसणार? परीक्षक गुणवत्ता प्रमाणपत्रं वाटतो आणि पदक एकखांबी नाटकातल्या माणसाला जातं. 1976च्या टोनीत ‘शिकागो’ या संगीतिकेच्या दोन्ही नायिका, ग्वेन व्हर्डन आणि चिता रिव्हेरा, एकाच विभागात समोरासमोर आल्या आणि पुरस्कार ‘अ कोरस लाइन’च्या डोना मॅकेकनीला गेला. एका घरची मतं दोन ठिकाणी फुटली की असं होऊ शकतं. त्या वर्षी ‘शिकागो’ला 11 नामांकनं होती, हाती पडला भोपळा. 1996 साली तेच नाटक नव्याने उभं राहिलं, पुढच्या वर्षी 6 टोनी घेऊन गेलं आणि ब्रॉडवेवर ठाण मांडून बसलं.

टोनीचं तंत्र आपल्यापेक्षा वेगळं आहे. तिथे तीन परीक्षक नसतात, नाट्यव्यवसायातले 800हून जास्त मतदार असतात. पाच नामांकनं असली आणि मतं फुटली, तर 100तल्या 21 मतांवरही कुणी जिंकू शकतं. म्हणजे 79 जणांना दुसरंच काहीतरी हवं होतं. त्यात गावोगावी नाटकांचे दौरे आणणारे निर्मातेही मतदार, आणि आपल्या गावात काय चालेल हा हिशेब त्यांच्या डोक्यात असतो. 2004 साली ‘विकेड’ हे अवाढव्य नाटक जिंकणार असं सगळे धरून चालले होते, आणि बाहुल्या घेऊन आलेलं आटोपशीर ‘अव्हेन्यू क्यू’ संगीतिका, संहिता आणि संगीत असे तिन्ही मोठे पुरस्कार घेऊन गेलं. ‘अव्हेन्यू क्यू’वाल्यांच्या प्रचाराचा सूर होता, मनाला विचारून मत द्या. नंतर त्यांनी दौऱ्याऐवजी आधी लास वेगासचा रस्ता धरला, तेव्हा हे दौरेवाले मतदार चांगलेच खवळले. मतदार म्हटला की हिशेब आला, मग तो मॅनहॅटनचा असो की मिरजेचा.

इथवर परीक्षकांची बाजू झाली. पण संघ स्वतःच्या हातानेही नंबर घालवतात, आणि ते प्रेक्षकांतून दिसत नाही. एकांकिकेचं उदाहरण घ्या. मर्यादा 60 मिनिटांची. तालीम हॉलमध्ये 57 मिनिटांत बसलेली. आठ ब्लॅकआउट, तालमीत प्रत्येकी 10 सेकंदांचे, कारण पलंग म्हणजे दोन खुर्च्याच होत्या. रंगमंचावर खरा पलंग अंधारात हलवायला 40 सेकंद लागतात. आठ गुणिले 30 जादा सेकंद म्हणजे 4 मिनिटं. झाली 61, आणि प्रेक्षक हसले त्याची मिनिटं अजून धरलीच नाहीत. वेळ नोंदणारा माणूस विंगेत घड्याळ घेऊन बसलेला असतो. नियमाप्रमाणे गुण कापतात किंवा संघ बाद. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट चालू असतो, तेव्हा पहिला नंबर केव्हाच गेलेला असतो. एकांकिका 52 मिनिटांच्या पुढे बसवूच नये.

आवाजाचं तसंच. पंधरा बाय वीसच्या खोलीत बसवलेलं कुजबुजीचं दृश्य मोठ्या नाट्यगृहात पाचव्या ओळीच्या पुढे जात नाही, आणि वर टांगलेले माईक पंखे नि पावलं आधी पकडतात, शब्द मागाहून. प्रकाशाला तर प्रयोगाच्या दिवशीची दुपारच मिळते. पिवळसर हॅलोजनखाली पारखलेली रंगभूषा थंड पांढऱ्या एलईडीखाली फिकी पडते. रंगभूषाकाराला वेळेत कळवलं तर तो सावरून घेतो, पण त्याला सांगायचं कुणी? शिवाय कागद. लेखकाचं संमतीपत्र आणि संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र नसेल तर कितीही रंगलेला प्रयोग स्पर्धेबाहेर जाऊ शकतो. लेखकाला दोन महिने आधी गाठावं. आदल्या आठवड्यात तो फोन उचलत नाही.

कधी कधी धक्का कुणीच न जिंकण्याचाही असतो. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत 2022 साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. पहिल्या आलेल्या संघाला नुसती रोख रक्कम. त्यावर महाराष्ट्रभर दोन तट पडले. माझ्या मते परीक्षकांना तो अधिकार असावा, फक्त तो नियमावलीत आधी छापलेला असावा आणि कारणं त्याच रात्री मंचावरून सांगावीत. कारण न सांगता राखून ठेवलेलं बक्षीस पोरांना शिक्षा वाटते.

राहिला शेवटचा प्रश्न, जो हळू आवाजात विचारला जातो: आक्षेप घेता येतो का? परीक्षकांचा निर्णय अंतिम, असं बहुतेक नियमावल्यांत लिहिलेलं असतं, त्यामुळे ‘आमचं नाटक चांगलं होतं’ या अर्जाला कुणी विचारत नाही. विचारायच्या गोष्टी तीनच: वेळेची नोंद, कागदपत्रांची छाननी आणि गुणांची बेरीज. अर्ज लेखी द्या, संस्थेच्या शिक्क्यासह, निकालानंतर लगेच. सूर पोच मागण्याचा ठेवा, भांडणाचा नको. आणि परीक्षक गाव सोडून जायच्या आत त्यांना भेटून आपलं नाटक कुठे सैल पडलं तेवढं विचारा. नंबर का गेला असं विचारलंत तर ते गोड बोलून निरोप घेतील. दुसरा अंक कुठे रेंगाळला असं विचारलंत तर वही काढून पान दाखवतील.