कापुस्तिन, ऑपस ४०: सातव्या एट्यूडची प्रगती

जॅझच्या ढंगात लिहिणारे संगीतकार निकोलाय कापुस्तिन यांच्या पियानोसाठीच्या आठ कॉन्सर्ट एट्यूड्सपैकी (एट्यूड म्हणजे एखादे तंत्र घोटून घेणारी रचना; ऑपस म्हणजे कृतिक्रमांक, येथे ४०, १९८४) सातवा, म्हणजे ‘इंटरमेझो’, आता न थांबता शेवटपर्यंत वाजवता येतो. वेग मात्र अजून बराच कमी ठेवावा लागतो. हा एट्यूड उजव्या हातातील थर्ड्ससाठी (मधला एक स्वर सोडून दोन स्वर एकत्र वाजवणे) ओळखला जातो, पण या टप्प्यावर माझा बहुतेक सराव डाव्या हातावरच खर्च होत आहे.

थर्ड्सचे काम सरळ आहे. शोपाँच्या ऑपस २५ मधील सहावा, थर्ड्सचाच एट्यूड ज्यांनी घोटला आहे, त्यांना ही मेहनत परिचित असेल. शिवाय या एट्यूडच्या डी फ्लॅट मेजर या स्केलमध्ये लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर सहज विसावतात. फिंगरिंग (कोणता स्वर कोणत्या बोटाने) एकदा पक्के केले की उरतो तो केवळ रियाज.

डाव्या हाताचे तसे नाही. कापुस्तिन मॉस्को कन्झर्व्हेटरीत अलेक्सांद्र गोल्डेनवायझर यांच्याकडे शिकले आणि १९६१ मध्ये तेथून बाहेर पडल्यावर सुमारे अकरा वर्षे ओलेग लुंडस्ट्रेम यांच्या बिग बँडमध्ये (मोठ्या जॅझ वाद्यवृंदात) पियानो वाजवत होते. बँडमध्ये डबल बेस आणि ड्रम्स जी लय धरून ठेवतात, ती एकट्या पियानोवर बहुतांशी डाव्या हाताला धरावी लागते. दुसरीकडे, इंप्रोव्हायझेशनमध्ये आपल्याला रस नाही आणि आपण जॅझवादक नाही, असे ते स्वतः सांगत. त्यामुळे ऐकताना जी उपज वाटते ती प्रत्यक्षात स्वरन्‌स्वर लिहिलेली असते. लिहिलेले असल्यामुळेच ते वाचून, मोजून, बाखच्या फ्यूगसारखे (सुरावटींची काटेकोर गुंफण असलेल्या रचनेसारखे) नीटनेटके वाजवण्याचा मोह होतो, आणि तसे वाजवले की स्वर सगळे अचूक असूनही संगीत निर्जीव होते.

यावर उपयोगी पडलेला सराव असा: मेट्रोनोमचा (लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राचा) ठोका पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर न घेता दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर धरायचा, स्वर लांबवणारे पेडल पूर्ण सोडायचे आणि डावा हात एकटाच वाजवत उजव्या हाताचे आघात तोंडाने म्हणायचे. हे संथ वेगातही डळमळले, तर वेग वाढवण्यात अर्थ नाही. (पेडल सोडल्यावर आपली लय किती कच्ची आहे ते लगेच कळते, म्हणून बरेच जण ते सोडत नसावेत.)

ऐकण्यासाठी कापुस्तिन यांचे स्वतःचे ध्वनिमुद्रण आणि हायपेरियन या रेकॉर्ड कंपनीने २००४ मध्ये काढलेले पियानोवादक मार्क-आंद्रे हॅमलिन यांचे, अशी दोन्ही समोर ठेवली आहेत. हॅमलिन यांची सफाई थक्क करणारी आहे. तरीही लयीचा धडा घेण्यासाठी मी संगीतकाराकडेच परत जातो.

मधल्या भागातील काही उड्या अजून अडखळतात. पुढचे आठवडे त्यांच्यासाठी राखून ठेवले आहेत. त्यानंतर कापुस्तिन यांच्याच ऑपस ६८ मधील थर्ड्स आणि सिक्स्थ्सचा (मधले चार स्वर सोडून दोन स्वर) एट्यूड हाती घेण्याचा विचार आहे.