सर्वपित्रीच्या दिवशी बेळगावात

२१ सप्टेंबर २०२५, रविवार. सर्वपित्री अमावास्या. शहापुरात आजोबांच्या घरात आता मावशी एकटीच राहते. पहाटेपासून तिची वड्यांच्या पिठाची, खिरीची धांदल चालली होती आणि मी पायांत चपला घालून दारात उभा.

"कुठं जाऊलायस इतक्या सकाळी?"

"शांतता दिन आहे आज. टिळकवाडीत कार्यक्रम आहे."

"पानं वाढायच्या आत ये म्हणजे झालं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि उद्याचं ध्यानात हाय न्हवं?"

ध्यानात होतं. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, मातामह श्राद्ध. आईच्या वडिलांसाठी नातवानं करायचं. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून झालेल्या सीमालढ्यात आजोबा दोनदा तुरुंगात गेलेले. मराठीसाठी तुरुंगात गेलेला हा माणूस कानडी मात्र असं बोलायचा, की बैलहोंगलकडची गिऱ्हाइकं त्याला आपल्यातलाच समजायची. हातमागाच्या साड्यांचं लहानसं दुकान होतं. वही मराठीत, बोलणं समोरच्याच्या भाषेत. लहानपणी यात मला काही वेगळं वाटायचं नाही. आता वाटतं.

मी कोल्हापूरहून शनिवारी सकाळीच निघालो होतो. कागल मागे पडलं, कोगनोळीचा टोलनाका आला, गाडी थांबली आणि माझ्या पोटात उगाच गोळा आला. डिसेंबर २०२२मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, तिकडे पुण्यात कर्नाटकच्या गाड्यांना काळं फासलं गेलं. त्या आठवड्यात मावशी दवाखान्यात होती आणि माझी बस कागलहून परत फिरली होती. कुणीतरी दूर कुठंतरी दगड उचलतो आणि इथं माणूस आपल्या माणसाच्या उशाशी पोचू शकत नाही. सीमेवरच्या अशांततेचा माझा अनुभव एवढाच आहे, पण तो मी विसरलेलो नाही. या वेळी पाच मिनिटांत गाडी सुटली. निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर, काकती. घाटात पावसाची बारीक झिमझिम होती.

त्याच दुपारी हुदलीला जाऊन आलो. बरेच दिवस मनात होतं. हुदली हे गंगाधरराव देशपांड्यांचं गाव. घरात मराठी, टिळकांचे अनुयायी, आणि लोक त्यांना म्हणत कर्नाटकाचा सिंह. या माणसाला एका भाषेच्या खणात बसवायला गेलं तर बसतच नाही. १९२४च्या बेळगाव काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. पुढे १९३७च्या एप्रिलमध्ये गांधी सेवा संघाचं संमेलन हुदलीला भरलं, तेव्हा गांधीजी या गावात येऊन राहिले होते. खादीचं काम तिथं आजही चालतं.

चरख्यावर एक मावशी बसल्या होत्या. त्या कानडीत बोलत होत्या, मला निम्मं कळत होतं. मध्येच सूत तुटलं. त्यांनी चाक थांबवलं, तुटलेलं टोक बोटानं शोधून काढलं, पेळूला लावलं, चिमटीत हलकेच पीळ दिला आणि चाक पुन्हा फिरवलं. दहा मिनिटांत हे तीनदा झालं. तिन्ही वेळा चेहऱ्यावर त्रासाची रेघ नाही. मी एक पंचा घेतला.

रविवारी सकाळी काँग्रेस विहिरीपाशी जमलो. १९२४चं अधिवेशन भरलं तेव्हा पाण्यासाठी ही विहीर खोदली होती. अधिवेशनाच्या नगराला विजयनगर नाव दिलं होतं, विहिरीला पंपा सरोवर. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकाच अधिवेशनात, आणि ते इथं. चाळीसएक माणसं आली होती. वडगाव-शहापूरकडच्या बचत गटांतल्या बायका, वाचनालयात नेहमी भेटणारी चार मंडळी, कॅम्पातल्या चर्चची तरुण पोरं, दरबार गल्लीतले दोघं, आणि हे सगळं जमवून आणणारे एक निवृत्त मास्तर. मास्तरांची मातृभाषा कानडी, नोकरीची निम्मी वर्षं खानापूर तालुक्यातल्या मराठी गावांत गेलेली. बॅनर होता, पण लहान. दोन्ही भाषांत एकच शब्द: शांती.

मास्तरांनी मुलांना सोप्या भाषेत सांगितलं. १९८१मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला, पुढच्या वर्षापासून हा दिवस पाळायला लागले. तेव्हा तारीख नव्हती, सप्टेंबरचा तिसरा मंगळवार होता. २१ सप्टेंबर ही तारीख पक्की करणारा ठराव झाला ७ सप्टेंबर २००१ला. त्या दिवशी जगभर शस्त्रं खाली ठेवावीत असंही त्यात होतं. चार दिवसांनी त्याच न्यूयॉर्कमध्ये ते दोन मनोरे पडले. हे ऐकून एका मुलीनं विचारलं, "मग सर, ठराव फुकट गेला?" मास्तर म्हणाले, "आपण जमलोय की."

न्यूयॉर्कच्या मुख्यालयात एक घंटा आहे. जपाननं १९५४ला दिलेली, साठाहून जास्त देशांतली नाणी वितळवून ओतलेली. आमच्याकडे शाळेतून आणलेला रुळाचा तुकडा होता. दोन पोरांनी तो बांबूला धरला, तिसऱ्यानं लोखंडी दांडक्यानं ठोका दिला. तो आवाज ऐकला आणि मला शाळेची मधली सुट्टी आठवली. मग मिनिटभर सगळे गप्प उभे राहिले. मी आजोबांना आठवलं. १७ जानेवारीला हुतात्मा चौकात सीमालढ्यातल्या ज्या हुतात्म्यांना आपण हार घालतो, त्यांनाही. सर्वपित्रीला कुणालाच वगळायचं नसतं.

या शहराची एक गोष्ट मला नेहमी थबकायला लावते. १९२४मध्ये, त्याच काँग्रेसच्या सुमारास, कर्नाटक एकीकरणाची परिषद भरली ती बेळगावात. आणि १९४६मध्ये संयुक्त महाराष्ट्राची मागणी साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून झाली, तीही बेळगावातच. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलत होती. दोघांचंही घर हेच होतं. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी एका दमात कुणी सांगत नाही, आणि मला ते खटकतं.

तिथून आम्ही जवळच्या एका शाळेच्या खोलीत गेलो. मला वाटलं आता भाषणं. पण भिंतीला लागून तीन बाकं मांडली होती आणि त्यामागे कागद-पेन घेऊन कॉलेजची मुलंमुली. मास्तरांनी आठवडाभर आधी गावोगाव निरोप धाडला होता: घरात ज्या भाषेतला कागद वाचता येत नाही, तो घेऊन या. वाचून देऊ.

इथल्या कितीतरी मराठी म्हाताऱ्यांना कानडी फडाफडा बोलता येतं. वाचता मात्र येत नाही. उतारा, वारसा, अर्ज, पावती हे शब्द थोड्याफार फरकानं दोन्हीकडचे एकच. कानाला कळतात. पण कागद हातात आला की अक्षरं ओळख देत नाहीत.

येळ्ळूरकडच्या एक काकू पहिल्याच आल्या. पदराच्या गाठीत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत चौघडी केलेला कागद. घड्यांवर फाटत आलेला, तांदळाचा पांढरा भुगा लागलेला. आठ महिने तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवला होता. नवरा वारलेला, मुलगा गोव्यात. कचेरीतून कागद आला म्हणजे रस्त्यासाठी जमीन चालली, असं त्यांनी धरूनच चालवलं होतं. कुणाला दाखवला तर खरं होईल, म्हणून दाखवलाच नाही.

मास्तरांनी कागद बाकावर पसरला, तळव्यानं घड्या सपाट केल्या. आधी कानडीत मोठ्यानं वाचला. मग एकेक ओळ मराठीत सांगितली. शेजारची मुलगी लिहून घेत होती.

"जमीन जाईत न्हाई न्हवं?" काकूंनी मध्येच विचारलं.

"नाही जात, अव्वा. मालकांच्या मागं तुमचं नाव चढवायला बोलावलंय. मृत्यूचा दाखला घेऊन या म्हणतात."

काकू बघतच राहिल्या. मग पदर तोंडाला लावून तशाच बसल्या. कुणी काही बोललं नाही. जरा वेळानं म्हणाल्या, "परत एकदा वाचा." मास्तरांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. मुलीनं मराठी कागद मूळ कागदाला टाचणीनं लावून दिला.

आठ महिने एका बाईची झोप गेली, कारण एक पान तिच्या भाषेत नव्हतं. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त आहेत, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे देशपातळीवर कधीच मान्य झालेलं आहे. मराठी कागद मागणं म्हणजे भांडण उकरणं, असं मला कुणी सांगू नये. तो कागद मिळाला असता तर काकूंच्या घरात जानेवारीतच शांतता आली असती.

एक तरुण उठला. आवाज चढलेला. "शांत राहा, असं आम्हाला जन्मापासून सांगतात. २००४पासून सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. आम्ही आणि किती शांत राहायचं?" मला वाटलं, आता बिनसतंय. मास्तरांनी स्वतःची खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "कूड्री. बसून सांगा, घाई नाही." तो दहा मिनिटं बोलला. पाट्या, कागद, १ नोव्हेंबरचा काळा दिन, सगळं. कानडी मंडळींनी एकदाही अडवलं नाही. एका बाईंनी त्याला पाण्याचा तांब्या दिला. बोलून झाल्यावर तो गेला नाही, दोनपर्यंत बाकामागे बसून लोकांचे मराठी अर्ज लिहीत होता.

मलाही बसवलं होतं. एक कानडी आज्जी आल्या. लेक जत तालुक्याच्या पूर्व भागात दिलेली. तिकडची गावं कानडी बोलणारी, कागद मात्र मराठीत. जावयाच्या जमिनीचा फेरफार होता. हिंदीमुळे नातवाला अक्षरं वाचता येत होती, अर्थ लागत नव्हता. मी वाचून सोपं करून सांगायचो, शेजारची मुलगी कानडीत सांगायची, आज्जी मान हलवायच्या. एका पानाला अर्धा तास लागला. माझंच राज्य त्या आज्जींच्या लेकीशी तसंच वागत होतं, हे त्या अर्ध्या तासात मला नीट दिसलं. जाताना त्यांनी माझ्या कानशिलांवरून हात फिरवून बोटं मोडली. ते कुणी भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

घरी पोचायला अडीच वाजले. मावशी कावळ्यांसाठी पान ठेवून गच्चीवर उभी होती. माझं ऐकून घेता घेता तिनं काहीच विचारलं नाही. जेवणं झाली, भांडी झाली, तेव्हा आतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. आत घरपट्टीच्या पावत्या, लाईटची बिलं आणि दोन-तीन लांबट लिफाफे. सगळं कानडीत.

"बाबा असतानाचं बाबा बघायचे," ती म्हणाली. "नंतर कोण बघणार? ठेवूलाय नुसतं." एक लिफाफा माझ्यासमोर धरला. "हे बघ की काय हाय."

मी बघितलं. तारीख कळली, आजोबांचं नाव कुठं असेल याचा अंदाज आला. बाकी काही नाही. मास्तर दर दुसऱ्या रविवारी तीच बाकं मांडणार आहेत, हे मी तिला सांगितलं.

"किती वाजता बसतात?"

"अकराला."

तिनं लिफाफे वेगळे काढले, हुदलीहून आणलेल्या पंच्यात गुंडाळले आणि डब्यात सगळ्यात वर ठेवले.