आमची वाटचाल : हात, बाण आणि एक गेलेली ऑर्डर

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. मी कारखान्यांसाठी धोक्याची चिन्हं काढायचो, भागीदार स्क्रीनवर छापायचा. स्क्वीजी, म्हणजे जाळीतून शाई ढकलायची रबरी पट्टी, एका दमात ओढायचा तो. पिवळ्या त्रिकोणावरची काळी कड कधी केसभरही सरकली नाही. आता प्लॉटर आहे, यूव्ही प्रिंटर आहे, पण ती लाकडी मुठीची स्क्वीजी मी टाकलेली नाही.

ज्या ऑर्डरने आम्हाला जवळजवळ बुडवलं, तिच्याबद्दल लिहायलाच हवं. एका कारखान्यात स्विच बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहणारं एक यंत्र होतं. चाक पूर्ण थांबेपर्यंत हात घालू नका, एवढंच सांगायचं होतं. आयएसओ ७०१० या सुरक्षा चिन्हांच्या आंतरराष्ट्रीय मानकात नेमकं तसं चिन्ह मला सापडलं नाही, म्हणून स्वतः काढलं : चाक, गोल बाण, शेजारी पंजा. कोटेशनला आर्टवर्क जोडलं. ते मंजूर झालं, मी उधारीवर ॲल्युमिनियमचे पत्रे उचलले.

तिथले मेंटेनन्सचे फोरमनकाका म्हणाले, "छापण्याआधी पोरांना दाखवा की." जेवणाच्या सुट्टीत दाखवलं. पहिलाच म्हणाला, "चाक हाताने फिरवायचं." दुसराही तेच म्हणाला. माझ्या पोटात गोळा आला. चिन्ह न कळणं वेगळं आणि उलटं कळणं वेगळं. अमेरिकेच्या झेड५३५.३ मानकात यासाठीच दोन आकडे आहेत : किमान ८५ टक्के उत्तरं बरोबर हवीत आणि घातक उलटा अर्थ लावणारे ५ टक्क्यांच्या वर नकोत.

मी छपाई थांबवली. बाण काढला, बोटं चाकाच्या आऱ्यांत अडकलेली दाखवली, पुन्हा विचारलं, पुन्हा बदललं. तारीख उलटली. खरेदी विभागाने ऑर्डर रद्द केली आणि एका स्पर्धकाला दिली. त्याने माझं पहिलं, नापास झालेलं चित्र जसंच्या तसं छापून आठवड्यात लावलं. माझी रेघ मी ओळखतो. पत्र्यांचे पैसे अंगावर आले, भागीदार कंटाळून बाहेर पडला. त्याला मी दोष देत नाही. स्पर्धकाला देतो, आजही.

पुढची वर्षं बरी गेली, ती फोरमनकाकांमुळे. नोकरी बदलली तरी प्रत्येक नव्या कारखान्यातून त्यांचा पहिला फोन मला यायचा.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो : कोटेशनसोबत पूर्ण आर्टवर्क कधी देऊ नका. कामगाराला "हे हात घालू नका असं वाटतं ना?" असं विचारू नका, "याचा अर्थ काय, आणि तुम्ही काय कराल?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. किरणोत्साराच्या धोक्याचं नवं चिन्ह २००७ मध्ये आलं, ते ११ देशांतल्या १,६५० लोकांना दाखवून पारखलेलं होतं. आपल्याला निदान एक जेवणाची सुट्टी तरी परवडते. आणि आकारात काटकसर नको : चांगल्या उजेडात १० मीटरवरून वाचायचं तर फलक साधारण १० सेंटिमीटर उंच हवा, अंधारात त्याहून मोठा.

त्या यंत्रावर ते जुनं चित्र अजून आहे. बरोबर चिन्ह फुकट लावून देतो, असं मी दोनदा लेखी कळवलं. उत्तर आलेलं नाही. नवा फलक छापून तयार आहे, स्क्वीजीच्या शेजारीच ठेवलाय.